विचारा की ओ ताई : पाचवी ते आठवीवाल्या घरांचे प्रश्न

दहावीचं वर्ष आलं की आख्खं घर जागं होतं, क्लास लावा, टीव्ही बंद करा, पाहुणे आले तरी हळू बोला. पाचवी ते आठवीकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं, ती आपली चाललीयत म्हणून चाललेली असतात. आणि कायद्याचं संरक्षण, फुकट पुस्तकं, शिष्यवृत्तीच्या परीक्षा हे सगळं जास्तीत जास्त ह्याच वर्षांत असतं, मुदती पण ह्याच वर्षांत निघून जातात आणि नंतर आईबाप म्हणतात आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ह्यावेळी आपल्या सोलापूर शहर-जिल्ह्यातनं पत्रं बरीचशी त्याच वयाच्या पोरांची आलीत म्हणून आख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, भाग तेवढा ठेवलाय.

ताई, आम्ही आता रे नगरला राहायला आलोय. पोरगी सहावीत आहे, शाळा शहरातच होती, आता तिथनं रोज रिक्षाला एवढं पैसे कुठून आणायचं. जुनी शाळा दाखला देईना, म्हणायलेत मागची फी आणि कसला तर निधी भरा मग देतो. इकडची अनुदानित शाळा म्हणायलीय दाखल्याशिवाय नाव घालत नाही. पोरगी घरीच बसलीय, आता काय करू? – विडी कामगार आई, कुंभारी

आधी पोरीला शाळेत बसवा, दाखल्याचं मागनं बघू. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई आहे 2009 चा, एप्रिल 2010 पासून लागू झालेला, त्याच्या 5व्या कलमात अगदी हेच लिहिलंय की पोराला एका शाळेतनं दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही की लांबवायचा नाही. दाखला मुद्दाम लांबवला तर त्या मुख्याध्यापकांवर सेवा नियमाप्रमाणे कारवाई होऊ शकते हेही त्यातच आहे. एवढं लक्षात ठेवा की हे झेडपी, महापालिका आणि अनुदानित शाळेत प्रवेश घ्यायचा असेल तर लागू होतं, विनाअनुदानित खाजगी शाळेकडं ह्या कलमानं जाता येत नाही. तुमची नवी शाळा अनुदानित आहे म्हणजे तुमचं काम ह्यात बसतंय.

आता करायचं असं. साध्या कागदावर अर्ज लिहा, पोरीचं नाव, इयत्ता, जुनी शाळा, पत्ता बदललाय म्हणून प्रवेश पाहिजे, दाखला मागितलाय पण मिळालेला नाही. दोन प्रती करा, एक शाळेत द्या आणि दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन या. ही पोच घेतल्याशिवाय तिथनं उठायचं नाही. तोंडी बोलणं हवेत जातं, उद्या सगळे म्हणतात की ह्या बाई आल्याच नव्हत्या. जुन्या शाळेत पण तसाच दाखल्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी नाही ऐकलं तर कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, म्हणजे आधी केंद्रप्रमुख आणि मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. जुनी शाळा महापालिकेची असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात जायचं. त्याच्याही वर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, ते आपलं पूनम गेट, आंदोलनाला सगळे जातात ते. तुम्ही आंदोलनाला नका जाऊ, दोन्ही पोचांची झेरॉक्स घेऊन आत जा.

फीचं म्हणाल तर मागची फी खरंच राहिली असेल तर तो हिशोब तुमचा आणि संस्थेचा, त्यासाठी पोरीला घरी बसवायचं कारण नाही. हप्ते करून द्या म्हणून लेखी मागा. आणि "कसला तर निधी" जो आहे त्याची पावती कुठल्या नावानं देणार ते विचारा, पावतीचा विषय काढला की बरेच निधी आपोआप विरघळतात असं मी पाहिलंय. अजून एक, आता पोरांची नोंद ऑनलाइन असते, यूडायसमध्ये, तिथं जुन्या शाळेनं नाव सोडलं तरच नव्या शाळेत दिसतं. ते काम शाळांनी आपसात करायचं असतं, तुम्ही फक्त नव्या सरांना विचारत राहा की पोरीचं नाव आलं का, कारण नाव तिथं नसलं की पुढं शिष्यवृत्तीचा फॉर्म अडतो.

आमच्या शेजारी म्हणतात विडीचं कार्ड असलं की पोरांना शाळेचं पैसे मिळतात. खरं का? माझी दोन पोरं, एक सातवी एक नववी. – गोदूताई वसाहत

खरं. केंद्र सरकारच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, विडी कामगारांच्या पोरांसाठी. पहिली ते चौथीला वर्षाला 1000, पाचवी ते आठवीला 1500, नववी-दहावीला 2000 रुपये. थोडे आहेत, पण एका पोराची वह्या-दप्तराची सोय होते की. विडी कामगाराचं ओळखपत्र पाहिजे, काम किमान 6 महिने केलेलं पाहिजे आणि घरचं उत्पन्न महिन्याला 10,000 च्या आत. फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं पाहिजे.

अडतं कुठं ते सांगते. फॉर्म भरला की आपलं काम संपलं असं वाटतं, पण शाळेनं तो पोर्टलवर तपासून पुढं पाठवावा लागतो आणि कितीतरी फॉर्म तिथंच पडून मुदत संपते. शाळेचं नाव त्या पोर्टलवर आहे का हे जूनमध्येच विचारा. फॉर्म भरल्यावर आठवड्यानं परत जाऊन विचारा, पाठवला का सर. चिकटपणा लागतो ह्या कामाला, दुसरं काही नाही.

मुलगा आठवीत नापास झाला. मी यंत्रमागावर असतो, रात्रपाळी, लक्ष देता आलं नाही. पण आरटीईमध्ये आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? शाळा म्हणते नियम बदलला. फसवायलेत का? – जोडभावी पेठ

नाही दादा, शाळा खरं बोलतेय. पूर्वी होतं तसं, आठवीपर्यंत कुणालाच मागं ठेवायचं नाही. 2019 ला केंद्रानं कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला परीक्षा ठेवली आणि नापास झालेल्याला मागं ठेवायची मोकळीक राज्यांना दिली, मग 2023 ला आपल्या राज्यानं नियम केले. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, पाचवीला विषयाला 50 गुणांची, आठवीला 60 ची, आणि पास व्हायला 35 टक्के लागतात. सहावी-सातवीला हे लागू नाही.

पण तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितलेली दिसते. नापास झालेल्या पोराला निकालापासून दोन महिन्यांत परत परीक्षा द्यायची संधी असते आणि त्याच्या आधी शाळेनं त्याला जादा शिकवायचं असतं. हे शाळेचं काम आहे, उपकार नाहीत. तर आज-उद्यात जाऊन विचारा की पुनर्परीक्षा कधी, कुठल्या विषयाची, आणि शिकवणार कोण आणि कधी. त्यातही नाही झाला तर मात्र त्याच वर्गात बसावं लागेल. पण शाळा त्याला काढून टाकू शकत नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच पोराला शाळेतनं काढता येत नाही. "दुसरीकडं बघा" असं कुणी म्हणालं तर तेच वाक्य लिहून द्या म्हणायचं.

आणि दादा, रात्रपाळीचं वाईट वाटून घेऊ नका. गणितात गेलाय का भाषेत, ते पेपर मागून बघा. आठवीत गणितात गेलेली बरीच पोरं खरं तर पाचवीच्या भागाकारात आणि अपूर्णांकात अडकलेली असतात आणि क्लासवाला त्यांना आठवीचंच परत शिकवतो, मग कसं व्हायचं. आधी पाचवीचं पुस्तक काढा. बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं फुकट मिळतात, आणि पुस्तकातले ते क्यूआर कोड असतात ना, मोबाईलनं स्कॅन केले की धडा समजावून सांगणारे व्हिडिओ निघतात. ती क्यूआरची कल्पना आपल्याच जिल्ह्यातली हो, माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून दाखवली, 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आख्ख्या सोलापूरनं स्टेटस ठेवले होते. स्टेटस ठेवणाऱ्यातल्या कितीजणांनी घरच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला असेल देव जाणे.

मुलगी आरटीईच्या 25 टक्क्यांतून पहिलीपासून एका इंग्लिश मीडियम शाळेत आहे, आता सातवीत. नववीपासून पूर्ण फी भरा म्हणतात. एवढी फी आम्हाला जमणारच नाही. – जुळे सोलापूर

हे बऱ्याच घरांत नववीच्या जूनमध्ये कळतं आणि मग रडारड होते, तुम्ही सातवीत विचारताय म्हणजे हातात वेळ आहे. खाजगी शाळेत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांची मोफत सोय आठवीपर्यंतच आहे, कायदाच तेवढ्यापुरता आहे, त्यामुळं नववीपासून फी मागितली तर शाळा चुकत नाही.

मग दोन रस्ते. एक, त्याच शाळेत ठेवायचं आणि फीत काही सवलत मिळते का ते आठवीच्या सुरवातीलाच संस्थेशी बोलायचं, हुशार पोरीला दहावीपर्यंत ठेवण्यात शाळेचाही फायदा असतो, निकाल लागतो ना त्यांचा. दोन, अनुदानित शाळा, आपल्याकडं चांगल्या अनुदानित शाळा आहेत आणि बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्लिश आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतनंच. बदलायचंच असेल तर नववीला बदलण्यापेक्षा आठवीला बदललेलं बरं असं माझं मत, एक वर्ष रुळायला मिळतं.

आणि ह्यात एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती आहे, आठवीत परीक्षा असते, पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पण ती फक्त सरकारी, महापालिका-झेडपी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांना, विनाअनुदानित खाजगी शाळेत आरटीईतून बसलेल्या पोराला फॉर्मच भरता येत नाही. म्हणजे आठवीला अनुदानित शाळेत गेली तर तो दरवाजा उघडतो. नुसतं त्यासाठी शाळा बदला असं नाही म्हणत मी, पण कुठली शाळा हे ठरवताना हा हिशोब धरा.

शिष्यवृत्ती परीक्षा नक्की कितवीला असते आता? कुणी चौथी म्हणतं कुणी पाचवी. आणि एनएमएमएस आणि नवोदय ह्यात काय फरक? क्लासवाले तिन्हीचं पॅकेज सांगतात. – बार्शी

पॅकेज हा शब्द ऐकला की मी पर्स घट्ट धरते.

शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीलाच असायची, तुम्ही आम्ही दिली ती. 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला गेली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं ती परत चौथी-सातवीवर आणायचं ठरवलं, मधल्या 2025-26 ह्या एका वर्षापुरती दोन्हीकडच्या पोरांना म्हणून हा गोंधळ. पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, एकूण 300 गुण, पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. गणित आणि बुद्धिमत्ता मिळून 200 गुण आहेत हे बघा म्हणजे अभ्यास कुठं करायचा ते कळेल.

एनएमएमएस आठवीत. ही घरच्या परिस्थितीवर आहे, आईबापाचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि सातवीत 55 टक्के पाहिजेत, एससी-एसटीला 50. दोन पेपर, 90-90 प्रश्नांचे, एक बुद्धिमत्तेचा आणि एक विज्ञान, समाजशास्त्र, गणिताचा. म्हणजे जुन्या शिष्यवृत्तीत समाजशास्त्र नाही, इथं आहे, आणि पोरं तिथंच मार खातात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूत रांग असते. बार्शीत तर असतेच.

नवोदयचं वेगळं आहे, ती शाळाच आहे, राहण्या-जेवणासकट. आपल्या जिल्ह्याची मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन सहावीला प्रवेश, 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. 75 टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. त्यामुळं पोरगं पाचवीत असेल तरच हिचा विचार करा, तुमचं पोर सहावीत गेलं असेल तर पॅकेजमधला एक तृतीयांश पैसा तसाच परत मागा.

क्लास लावावा का? शाळेतले सर शिष्यवृत्तीची तयारी करून घेत असतील तर नका लावू. आणि शाळेतलेच सर संध्याकाळी पैसे घेऊन क्लास घेत असतील तर त्याला शिक्षण हक्क कायद्यातच बंदी आहे, 28वं कलम, एवढं सांगते आणि गप्प बसते.

माझा नातू सहावीत आहे. त्याचा बाप करोनात गेला. सून टॉवेलच्या कारखान्यात जाते, पोराला मी सांभाळते. शाळेतल्या बाई म्हणाल्या कसलीतर बालसंगोपन योजना आहे, पण ती अनाथ मुलांची ना? ह्याची आई तर आहे. – आजी, शेळगी

आजी, आई असली तरी मिळते. एकच पालक राहिलेल्या मुलांनाही ती योजना आहे, 18 वर्षांपर्यंत, आणि आता महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आपल्याकडं अनाथ हा शब्द लोकांना असा चिकटलाय की हक्काची माणसं दारातनंच परत जातात.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो, मग बाल कल्याण समितीसमोर मुलाला आणि आईला बोलावतात, घरी चौकशीला पण येतात, घाबरायचं नाही, ती पद्धतच आहे. मुलाच्या वडिलांचा मृत्यू दाखला, सगळ्यांचं आधार, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्न आणि रहिवासी दाखला, बँक पासबुक, फोटो हे जमवून ठेवा. सुनेला एक दिवस कारखान्यातनं सुट्टी घ्यावी लागेल, त्याला इलाज नाही. आणि सुनेनं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केलाय का? तो वेगळा, तहसीलमध्ये, विधवा बाईसाठी. एकाच चकरेत दोन्हीची चौकशी होईल.

आमच्या घरी तेलगू बोलतात. मुलगा सातवीत, इंग्लिश मीडियम. त्याला वाचताच येत नाही नीट, इंग्लिश नाही आणि मराठी पण नाही. मॅडम सगळ्यांसमोर ढ म्हणतात. माझी मिसेस शिकलेली नाही, मला वेळ नाही. ट्युशन लावली, उपयोग नाही. डोक्यात काय प्रॉब्लेम असेल का? – साखर पेठ

तुमच्या पत्रात चार प्रश्न एकात एक अडकलेत, सुटे करून बघू.

आधी मॅडमचं. सगळ्या वर्गासमोर ढ म्हणणं हे कायद्यात मानसिक छळात मोडतं, 17वं कलम, शिक्षा मारायची असो का बोलायची, दोन्ही बंद आहेत. पण मी तुमच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी कायदा नसता काढला, मॅडमना वेगळं भेटले असते, म्हणाले असते की तुम्ही म्हणताय ते मला मान्य आहे की त्याला येत नाही, पण सगळ्यांसमोर बोलल्यापासून तो पुस्तकच उघडेना. बऱ्याच शिक्षकांना एवढं पुरतं. नाही पुरलं तर मुख्याध्यापकांना लेखी.

आता पोराचं. आपल्या पूर्व भागात हे रोजचं आहे, घरात तेलगू, गल्लीत हिंदी-मराठी मिसळून, शाळेत इंग्लिश, आणि पोरगं दोन-तीन भाषा तोंडानं फडाफडा बोलतं पण वाचायची वेळ आली की एकाही भाषेचा पाया पक्का नसतो. हे आजारपण नाही. घरची भाषा वेगळी म्हणून पोरगं मागं पडतंय असंही नाही, उलट बायकोला सांगा तेलगूतनंच भरपूर बोला त्याच्याशी, गोष्टी सांगा, घरातली भाषा बंद करून मोडकं इंग्लिश बोलायला लागणारी घरं मी पाहिलीत, त्यानं दोन्ही जातात.

पण सातवीत आल्यावरही कुठल्याच भाषेत वाचता येत नसेल तर तपासलं पाहिजे, आणि तपासायला डोळ्यापासून सुरवात करायची. हसू नका, फळा दिसत नाही म्हणून ढ ठरलेली पोरं असतात. मग कान. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम तपासायला येते, तुमची शाळा खाजगी असेल तर सरळ सिव्हिलला न्या. डोळे-कान ठीक निघाले आणि तरी अक्षरं उलटीपालटी होत असतील, ब चा व, पाटीवरचं बघून लिहिताना पण चुकत असेल, तोंडी विचारलं तर सगळं सांगतोय पण लिहिता येत नाही, असं असेल तर अध्ययन अक्षमता असू शकते, इंग्लिशमध्ये डिस्लेक्सिया वगैरे म्हणतात ते. हुशारीचा आणि ह्याचा काही संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात हे येतं, आणि सर्टिफिकेट मिळालं तर पुढं दहावीच्या बोर्डाला जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात चौकशी करा, तपासणी आणि सर्टिफिकेट कुठं कसं ते तिथं कळेल. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक पण असतात, केंद्रप्रमुखांना विचारा तुमच्या भागाला कोण आहे. आत्ता सातवीत केलंत तर हातात वेळ आहे, दहावीच्या डिसेंबरमध्ये धावाधाव करणाऱ्या आईबापांची अवस्था बघवत नाही.

आणि घरी काय करायचं? मिसेस शिकलेल्या नाहीत म्हणता, पण ऐकता तर येतं ना. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्यानं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं, सातवीचं नाही, दुसरी-तिसरीचं मराठी पुस्तक, आईनं नुसतं ऐकायचं आणि "मग पुढं काय झालं" एवढंच विचारायचं. चुका काढायच्या नाहीत. काढता येणार नाहीत हे तर फारच चांगलं. ट्युशन बंद केली तरी चालेल, ते पैसे चष्म्याला ठेवा.

मुलगी सातवीत, शाळा दुसऱ्या गावात, एसटीनं जाते. महिन्यातनं तीन-चार दिवस शाळा बुडवतेच. तिचे वडील म्हणतात एवढा खर्च करून जात नाही तर बंद करा. – अक्कलकोट तालुका

एसटीचा खर्च कसला? गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजना. आता पास शाळेतच आणून देतात, डेपोत जायची पण गरज नाही, मुख्याध्यापकांना यादी द्यायला सांगा. तिच्या वडलांना हे आधी सांगा म्हणजे खर्चाचा मुद्दाच संपला.

तीन-चार दिवस कुठले ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही. शाळेत जाऊन बाथरूम बघून या, पाणी आहे का, कडी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोला, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्याच लागतात, म्हणजे तिथं बोलायला लाजायचं कारण नाही. पोट फार दुखत असेल, चक्कर येत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि शाळेत सहावीपासून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात, ती पोरी खिडकीतनं टाकून देतात, उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून. जेवण झाल्यावर घ्यायला सांगा.

सहावीतल्या मुलाला मोबाईल द्यावा का? – विजापूर रोड

स्वतःचा नको. घरातला, हॉलमध्ये बसून, रात्री जेवणानंतर नाही. शाळेचा ग्रुप तुमच्या मोबाईलवर ठेवा, त्याच्या नाही. गेममध्ये पैसे गेले किंवा कुणी फोटो मागून धमकावलं तर ओरडायच्या आधी 1930 ला फोन करा, ती सायबर तक्रारीची लाइन आहे, पोरगं तुमच्या ओरडण्याला घाबरून लपवतं आणि मग रक्कम वाढत जाते. पोरगं एकदम गप्प झालं, जेवेना, शाळेला नको म्हणायला लागलं तर 14416, टेलि मानस, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. शाळेतलं किंवा व्हॅनमधलं कुणी त्रास देत असेल तर 1098. हे तीन नंबर फ्रीजवर चिकटवून टाका.

आधारवर मुलाचं नाव वेगळं, शाळेत वेगळं. आमच्यात आडनाव आधी लिहितात, शाळेत गुरुजींनी शेवटी घातलं, स्पेलिंग पण वेगळं. सर म्हणतात अपार आयडी, म्हणजे पोराचा तो ऑनलाइन ओळख नंबर, निघत नाही, दुरुस्त करून आणा. कुठलं दुरुस्त करू? – भद्रावती पेठ

आधी जन्म दाखला काढा आणि तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्म दाखला जुळत असेल तर आधार बदला, ते सोपं आहे. पण जपून, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं केंद्रावरच्या पोराला तोंडी सांगू नका, नाव इंग्लिश आणि मराठीत कागदावर लिहून न्या आणि पावती देण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा.

शाळेचंच चुकलं असेल तर दुरुस्ती पोरगं शाळेत शिकतंय तोवरच करून घ्या, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव जातो, वेळ लागतो पण होतं. एकदा दाखला घेऊन बाहेर पडलं की तेच काम फार अवघड होऊन बसतं. आणि दहावीच्या बोर्डाचा फॉर्म रजिस्टरवरनंच भरतात, म्हणून आठवीच्या आत हे मिटवा. अपारचं म्हणाल तर त्याला पालकांची लेखी संमती लागते, तो फॉर्म वाचून सही करा, आणि नावं जुळेपर्यंत थांबायला लागलं तर थांबा, त्यासाठी पोराला वर्गाबाहेर ठेवता येत नाही. सरांनी तसं काही केलं तर परत लिहा मला.